जात्याचा खुंटा आणि जमिनीवरची उठबस

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरात लागणारे पीठ घरातच, बायकांच्या हातांनी आणि बहुधा पहाटेच्या अंधारात तयार होत असे; त्यामुळे बाईच्या अंगातल्या बळावर घराची दोन वेळची भाकरी अवलंबून असे आणि ते बळ वयाबरोबर ओसरू लागले म्हणजे घरातील कामांची वाटणी नव्याने करावी लागे. जाते गेले, उखळ गेले, विहिरीवरचा पोहरा गेला आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांत एक समजूत मराठी घरांत पक्की झाली, ती अशी की जुन्या बायका जात्यामुळे धडधाकट राहिल्या आणि आजच्या बायका गिरणीमुळे लवकर खचतात. ही समजूत निम्मी खरी आहे आणि तिचा खोटा निम्मा भाग तपासणे आवश्यक आहे, कारण वृद्ध स्त्रीला स्वतःच्या पायांवर हिंडते-फिरते ठेवणारी जी गोष्ट जुन्या घरात होती ती जात्यात फारशी नव्हती. ती त्या घराच्या जमिनीत, म्हणजे दिवसभर खाली बसण्यात आणि खालून उठण्यात होती, आणि जात्याचा निरोप जसा गाजला तसा जमिनीचा निरोप कोणाच्या ध्यानातही आला नाही.

दळण्याचे काम या प्रदेशात शेतीइतकेच जुने आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात केले आणि इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या दरम्यान तेथे नांदलेल्या वस्तीत सातू, गहू, कडधान्ये यांच्या दाण्यांबरोबर धान्य वाटण्याचे खोलगट पाटे आणि त्यांवर चालवायचे दगडही सापडले. हे पाटे आजच्या पाटा-वरवंट्याचे पूर्वज होत. त्यांवर दळणारी बाई गुडघे टेकून, दोन्ही हातांनी दगड पुढे-मागे सरकवीत असे. मध्याभोवती फिरणारे, दोन गोल तळ्यांचे जाते दख्खनमध्ये पुष्कळ उशिरा आले आणि नेवाशासारख्या स्थळी ते सातवाहन काळाच्या थरांत दिसू लागते. सरकत्या दगडाकडून फिरत्या दगडाकडे झालेला हा बदल यंत्रविद्येच्या इतिहासात मोठा मानला जातो आणि दळणाऱ्या बाईच्या अंगालाही त्याने बरीच उसंत दिली, कारण फिरता दगड एकदा गती घेतल्यावर ती गती काही अंशी स्वतःच राखतो, तर सरकता दगड प्रत्येक हेलकाव्याला थांबतो आणि प्रत्येक वेळी नव्याने ढकलावा लागतो.

हे श्रम हाडांत उतरतात. सीरियातील अबू हुरेरा या नवाश्मयुगीन वस्तीतील सांगाड्यांचा अभ्यास करताना थिया मॉलेसन यांना पायांचे अंगठे, गुडघे आणि कंबरेचे मणके यांची विशिष्ट झीज विशेषतः स्त्रियांच्या सांगाड्यांत आढळली आणि तासन्‌तास गुडघ्यांवर बसून पाट्यावर धान्य दळण्याशी त्यांनी तिचा संबंध जोडला. २०१७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी मध्य युरोपातील सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी स्त्रियांची दंडाची हाडे आजच्या, स्पर्धेत उतरणाऱ्या महिला नौकावल्हेकऱ्यांच्या हाडांशी ताडून पाहिली, तेव्हा शरीराच्या मानाने त्या प्राचीन स्त्रियांची दंडाची हाडे ११ ते १६ टक्क्यांनी अधिक मजबूत निघाली. जमीन खणणे, पीक काढणे, धान्य दळणे अशी रोजची हातकामे हे त्याचे कारण त्यांनी मांडले. या दोन अभ्यासांतील पहिला झीज दाखवतो आणि दुसरा बळ दाखवतो, परंतु दोन्हींचे मूळ एकाच कामात आहे, ही गोष्ट जात्याच्या पुढील इतिहासाला शेवटपर्यंत लागू पडते.

मराठी घरातील जात्याची रचना साधी आणि विचारपूर्वक केलेली होती. काळ्या बसाल्ट दगडाच्या दोन गोल तळ्या, खालच्या तळीच्या मध्यात ठोकलेली लोखंडी खीळ, वरच्या तळीच्या तोंडात आडवी बसवलेली, त्या खिळीवर फिरणारी लाकडी माकडी आणि वरच्या तळीच्या कडेला उभा ठोकलेला लाकडी खुंटा एवढाच त्याचा पसारा असे. तोंडातून दाणे सोडण्याला वैरणे म्हणत. वैरण बेताची घातली तर पीठ मऊ निघे, घाई करून मूठभर जास्त घातली तर जाते जड चाले आणि पीठ जाडसर पडे. खिळीवर चिंधीचे वेटोळे घालून वरची तळी किंचित उचलली म्हणजे त्याच जात्यावर डाळीची भरड निघे. दगडाचे दात झिजले की पीठ सरकेनासे होई आणि मग पाथरवटाला किंवा टाकाऱ्याला बोलावून जात्याला टाकी लावून घ्यावी लागे, म्हणजे छिन्नीने दगडाचा पृष्ठभाग पुन्हा खरबरीत करून घ्यावा लागे. हा एका भटक्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय होता आणि जाती बंद पडल्यावर तोही गेला.

दळणारी बाई जात्याच्या कडेला एक पाय लांब पसरून आणि दुसरा मुडपून बसे. एका हाताने, किंवा जाते जड असल्यास दोन्ही हातांनी, खुंटा धरून ती कंबरेपासून पुढे झुके आणि मागे येई. दोघी असल्यास त्या समोरासमोर बसत, एकाच खुंट्यावर दोघींचे हात असत आणि अर्धा वेढा एकीने ओढायचा, उरलेला अर्धा दुसरीने, अशी लय लागे. या हालचालीत पंजाची पकड, मनगट, कोपराच्या वरचा आणि खालचा भाग, खांदे, पाठ आणि पोट हे सारे स्नायू राबत. मांड्या आणि पोटऱ्या मात्र जवळजवळ स्वस्थ असत, कारण पाय बसकण मांडून राहत आणि शरीराचा तोल सांभाळण्यापलीकडे त्यांना काम नसे. जात्याचे गुणगान करणाऱ्या लेखनात हा तपशील नेहमी सुटलेला दिसतो, आणि म्हातारपणी कोणते स्नायू प्रथम दगा देतात हे ठाऊक झाल्यावर याच तपशिलाला सर्वाधिक महत्त्व येते.

जात्याभोवती वयाची एक उतरंड ठरलेली होती. नवी सून आणि तरण्या जावा खुंटा ओढीत, मध्यम वयाची बाई ओढता ओढता वैरण घाली, त्याहून मोठी सासू ओढण्याचे काम सोडून नुसती वैरण घालायला बसे, तेही जमेनासे झाले की दळण निवडणे आणि सुपाने पाखडणे तिच्याकडे येई आणि शेवटी दळणाऱ्या सुनेचे मूल मांडीवर घेऊन बसणे एवढेच उरे. म्हणजे बाई एका दिवशी काम करणारी आणि दुसऱ्या दिवशी निरुपयोगी अशी कधी होत नसे. तिचे काम पायरीपायरीने हलके होत जाई आणि प्रत्येक पायरीवर तिच्या हाताला काही ना काही हालचाल शिल्लक राही. ही व्यवस्था कोणी दयेपोटी आखलेली नव्हती, घराला हात अपुरे पडत म्हणून ती तशी घडली होती, तरीही वृद्धत्व उतरत्या कामाच्या मापाने मोजणारी अशी पद्धत पुढच्या काळात पुन्हा तयार झाली नाही.

पायांचे काम जात्याबाहेर होते आणि ते दिवसभर विखुरलेले होते. चूल जमिनीवर असल्यामुळे स्वयंपाक करणारी बाई पाटावर किंवा उकिडवी बसून भाकरी थापी, मध्येच उठून कोठीतून जिन्नस आणी आणि पुन्हा बसे. भाजी विळीवर, म्हणजे पायाखाली पाट दाबून धरलेल्या उभ्या पात्यावर, चिरी. शेणाने जमीन सारवताना उकिडव्यानेच मागे मागे सरके. जेवायला, झोपायला, पूजेला आणि शौचाला जमिनीपर्यंत जावेच लागे. अशी उठबस दिवसातून कितीतरी वेळा घडे आणि प्रत्येक उठण्यात मांडीच्या पुढच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंना स्वतःच्या संपूर्ण शरीराचे वजन उचलावे लागे. त्यात पाण्याची भर होती. आडातून पोहरा ओढणे हे हातांचे काम खरे, परंतु भरलेला हंडा जमिनीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून खांद्याशी आणि तेथून एका झटक्यात डोक्यावरच्या चुंबळीवर चढवणे हे सबंध अंगाचे, आणि मुख्यतः पायांचे, काम होते.

येथे एक शास्त्रीय फरक स्पष्ट करणे भाग आहे. स्नायू एका वेळी जास्तीत जास्त किती भार पेलू शकतो याला स्नायूचे बळ म्हणतात आणि तो भार किती वेगाने हलवू शकतो, म्हणजे बळ आणि वेग यांचा गुणाकार किती येतो, याला स्नायूची शक्ती म्हणतात. जाते मंद लयीने, दीर्घकाळ ओढले जाई; त्यातून बळ आणि विशेषतः दम, म्हणजे न थकता काम करीत राहण्याची क्षमता, वाढे. हंडा चढवताना, मुसळ उचलून उखळात आपटताना, ठेच लागल्यावर पुढचा पाय चटकन टाकून तोल सावरताना शक्ती लागते. श्रावणात मंगळागौरीला खेळली जाणारी बसफुगडी, जिच्यात उकिडव्याने बसून पाय आलटून पालटून पुढे झटकावे लागतात, ही तर पायांच्या शक्तीची निखळ परीक्षाच होती आणि वारीच्या वाटेवर पिकल्या केसांच्या बायका आजही उभ्या फुगड्या धरतात, हे त्या परंपरेचे चालते उदाहरण आहे.

वय वाढते तसे बळ आणि शक्ती एकाच गतीने उतरत नाहीत. स्नायूंत मंद आणि शीघ्र असे दोन प्रकारचे तंतू असतात आणि उतारवयात शीघ्र तंतू अधिक झिजतात. १९९४ साली डॉन स्केल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील ६५ ते ८९ वयाच्या १०० निरोगी स्त्री-पुरुषांची तपासणी केली, तेव्हा वयाच्या दर वर्षामागे बळात एक ते दोन टक्के आणि पायांच्या शक्तीत सुमारे साडेतीन टक्के घट आढळली. त्याआधी, १९९२ मध्ये, जोन बॅसी यांच्या गटाने दीर्घकाळ रुग्णालयात राहणाऱ्या अतिवृद्धांवर केलेल्या अभ्यासात खुर्चीतून उठण्याचा, जिना चढण्याचा आणि चालण्याचा वेग पायांच्या शक्तीशी घट्ट बांधलेला दिसला आणि स्त्रियांची शक्ती पुरुषांपेक्षा बरीच कमी भरली. स्त्रीच्या अंगात मुळातच स्नायूंचा साठा कमी असतो, त्यामुळे झीज सारख्या गतीने झाली तरी ज्या रेषेखाली रोजचे व्यवहार अडतात त्या रेषेपर्यंत ती लवकर पोहोचते. शिवाय ती पुरुषापेक्षा अधिक वर्षे जगते, म्हणजे त्या रेषेखालचा काळही तिच्याच वाट्याला जास्त येतो.

जुन्या घरातील कष्टाने बाईला काय दिले हे सांगताना त्याने काय घेतले याचा हिशेब टाळता येत नाही. इंग्रजी अमलातील तुरुंगांत सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या कैद्याला जी कामे दिली जात त्यांत चक्की पिसणे हे एक ठरलेले काम होते. सरकारने जे काम गुन्हेगाराला शिक्षा म्हणून नेमले तेच काम कोणताही गुन्हा न केलेली बाई लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर थोड्याच आठवड्यांत, अपुऱ्या झोपेवर आणि सर्वांच्या मागून उरलेल्या अन्नावर करीत होती. १९४१ ते १९५१ या दशकात भारतातील स्त्रीचे जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. ही सरासरी बालमृत्यूंमुळे फार खाली ओढली गेली होती हे खरे, परंतु बाळंतपणात, क्षयाने किंवा रक्त कमी होऊन दगावलेल्या तरुण बायकाही तिच्यात आहेत. जी सत्तरीतही ताठ चालणारी आजी घराघरांतील आठवणींत उभी आहे, ती त्या सगळ्या गाळणीतून उरलेली होती. तिच्याबरोबर जात्यावर बसलेल्या आणि सत्तरीपर्यंत न पोहोचलेल्या बायकांची आठवण सांगायला कोणी राहिले नाही. म्हणून ‘जाते ओढले म्हणून ती टिकली’ या विधानापेक्षा ‘मुळात काटक होती म्हणून जाते ओढूनही ती टिकली’ हे विधान पुष्कळ अधिक न्यायाचे ठरते.

जमिनीवरच्या बैठकीचीही किंमत होती. बीजिंगमधील वृद्ध स्त्रियांची अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या स्त्रियांशी तुलना करणाऱ्या अभ्यासांत चिनी स्त्रियांमध्ये गुडघ्याची झीज अधिक आणि खुब्याच्या सांध्याची झीज फारच कमी आढळली आणि तारुण्यात दीर्घकाळ उकिडवे बसण्याची सवय हे गुडघ्याच्या झिजेमागचे एक कारण म्हणून पुढे आले. तेव्हा तासन्‌तास उकिडवे बसून राहणे आणि जमिनीवरून वारंवार उठणे या दोन गोष्टी एकाच पारड्यात घालता येत नाहीत. पहिलीने सांधा भरडला जातो आणि दुसरीने त्याच्याभोवतीचा स्नायू राबतो.

दळणाची आणखी एक बाजू होती, जिच्याकडे इतिहासलेखनाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्या विधवेला शेत नव्हते, भाऊबंदांचा आधार नव्हता आणि घराबाहेरच्या मजुरीची मुभाही नव्हती, तिला शेजारच्या सुखवस्तू घरांचे दळण-कांडण हाच एक मार्ग उरे. ‘आईने लोकांची दळणे दळून शिकवले’ हे वाक्य महाराष्ट्रातील कितीतरी कर्त्या पुरुषांच्या चरित्रांत येते. इंग्रजी काळातील जनगणनांत भात कांडणारे आणि पीठ दळणारे असा व्यवसायाचा स्वतंत्र वर्ग नोंदलेला असे आणि त्यात स्त्रियांचा भरणा मोठा होता. या बाईच्या दृष्टीने अंगातले बळ हेच भांडवल होते. खांदा भरून आला, मनगट सुजले किंवा डोळ्यांना कमी दिसू लागले की तिची मिळकत थांबे, आणि हातपाय चालताहेत तोवर मरण यावे, कोणाच्या हातचे करून घ्यायची वेळ येऊ नये, ही जी इच्छा मराठी वृद्धेच्या तोंडी सदैव असते तिच्यामागे अशा कितीतरी जणींनी डोळ्यांनी पाहिलेली परवड आहे.

यंत्राची गिरणी आली ती या पार्श्वभूमीवर. मोठ्या शहरांत वाफेवरच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकातच सुरू झाल्या होत्या. खेड्यांत त्या तेलाच्या इंजिनाबरोबर पोहोचल्या. पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत इंजिनाचा पुकपुक आवाज आणि पत्र्याच्या शेडमधले पिठाने पांढरे झालेले गिरणीवाले हे गावाच्या देखाव्याचा भाग बनले. वीज आल्यावर इंजिनाची जागा मोटारीने घेतली. सुरुवातीला गिरणीचे पीठ जळते, त्याला कस नसतो, दुसऱ्याच्या दळणात आपले दळण मिसळते, अशा तक्रारी घरातील वडीलधारी मंडळी करीत, परंतु ज्यांना पहाटे उठावे लागे त्या सुनांनी पायलीमागे चार पैसे दळणावळ, म्हणजे दळण्याची मजुरी, मोजून हा प्रश्न लवकर निकालात काढला. कोणत्याही सुधारणेला स्त्रियांचा इतका एकमुखी कौल क्वचितच मिळाला असेल.

याच सुमारास वर्ध्यात वेगळा विचार चालला होता. गांधींनी जोहान्सबर्गला असताना घरात लोखंडी चाकाचे हातजाते आणले होते आणि ते स्वतः, त्यांचे सहकारी आणि मुले त्यावर दळीत, हे त्यांच्या आत्मकथेत नोंदलेले आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते, कारभार जे. सी. कुमारप्पा पाहत आणि तेथे हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल यांच्याबरोबर हलके चालणारे सुधारलेले जातेही तयार करण्याचे प्रयोग झाले. कोंड्यासकट पिठाचा कस आणि गावातील रोजगार हे त्यांचे दोन मुद्दे आजही खरे आहेत. परंतु ज्या घरात पुरुष आळीपाळीने जात्यावर बसतो तेथे दळणे व्यायाम ठरते आणि ज्या घरात ते एकाच बाईच्या गळ्यात पडते तेथे ते ओझे होते, हा भेद समाजाने कधी मिटवला नाही. आश्रमाबाहेरच्या पुरुषांनी खुंट्याला हात लावला नाही आणि म्हणून बायकांनी वर्ध्याच्या जात्यापेक्षा गिरणी पसंत केली, यात त्यांचे काहीही चुकले नाही.

जाते कोपऱ्यात गेले तसे त्याच्याभोवतीचे वाङ्मयही स्मरणात गेले. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्या गाणाऱ्यांत वयस्क बायकांची संख्या मोठी होती. या ओव्यांत जात्याला देव मानून हाक मारलेली आढळते आणि जाते ओढण्याचे बळ आईच्या दुधातून आले अशी कल्पनाही वारंवार येते. सासरी राबणाऱ्या बाईने आपल्या अंगातल्या बळाचे श्रेय माहेरच्या आईला दिले, हे त्या बळाविषयीचे तिचे स्वतःचे भाष्य आहे आणि ते कोणत्याही शरीरशास्त्राइतकेच मोलाचे आहे, कारण त्या बळाचा उगम कष्टात नसून पोषणात आहे हे तिने त्यात सांगितले आहे.

जात्याच्या मागोमाग जमीनही सुटू लागली, मात्र हळूहळू आणि कोणाची तक्रार न येता. १९५५ मध्ये मुंबईत घरगुती गॅसची विक्री सुरू झाली, त्यानंतर शहरांतून गावांकडे उभ्याचा ओटा पसरत गेला, मिक्सरने पाटा-वरवंटा घालवला, नळाने हंडा डोक्यावरून उतरवला, जेवणाच्या टेबलाने पाट उचलला आणि गुडघे दुखू लागलेल्या सासूबाईंसाठी घरात प्रथम प्लॅस्टिकची खुर्ची आणि मग कमोड आला. यांतील प्रत्येक बदल आपापल्या जागी सोयीचा होता आणि चुलीचा धूर किंवा मैलभरावरचे पाणी परत यावे असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. तरीही या सर्व बदलांची बेरीज अशी झाली की घरातील वृद्ध बाईच्या मांड्यांना दिवसभरात करायला काम उरले नाही आणि ‘आई, तुम्ही बसा, आम्ही करतो’ या आदराच्या वाक्याने उरलेसुरले कामही तिच्या हातून काढून घेतले. जुन्या उतरंडीतील पायऱ्या गेल्या आणि त्यांच्या जागी एकदम तळाशी नेणारी खुर्ची आली.

पाश्चात्त्य वैद्यकाने वृद्धांचे स्वावलंबन मोजायला घेतले ते साधारण याच काळात. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठून दुसरीकडे बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे ही सहा कामे निवडून एक मापनश्रेणी तयार केली आणि ती आजही जगभर वापरात आहे. ही श्रेणी पलंग आणि खुर्ची गृहीत धरते. जमिनीवर बसणाऱ्या समाजात स्वावलंबनाची कसोटी याहून कडक होती. ब्राझीलमधील क्लॉडिओ जिल अराऊजो यांनी मात्र नेमकी जमिनीचीच कसोटी घेतली. ५१ ते ८० वयाच्या २००२ व्यक्तींना त्यांनी हात किंवा गुडघा न टेकता जमिनीवर बसून उठायला सांगितले, प्रत्येक टेकूला एक गुण वजा केला आणि सुमारे सहा वर्षांच्या पाठपुराव्यात सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त गुणवाल्यांच्या पाच पटींहून अधिक असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. उठता न येणे हे मृत्यूचे कारण आहे असे यावरून म्हणता येत नाही, पण शरीर आतून किती पोखरले आहे याची ती खूण आहे, आणि ‘हात टेकल्याशिवाय उठवत नाही’ हे म्हातारीचे बोलणे कण्हणे समजून सोडून देणाऱ्या घरांनी ती खूण गंभीरपणे घ्यायला हवी.

गेलेली शक्ती परत आणता येते, हा या इतिहासाचा सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत आनंदाचा भाग होय. बोस्टनमधील एका वृद्धगृहात मारिया फियातारोन यांनी ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे मांड्यांचा जड वजनांचा व्यायाम करवून घेतला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात व्यायाम पूर्ण करणाऱ्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले आणि दोघांची काठी सुटली. पुढे २००२ मध्ये रॉजर फील्डिंग यांच्या गटाने हालचालींत अडचण असलेल्या, सरासरी ७३ वर्षांच्या ३० स्त्रियांचे दोन भाग केले आणि एका भागाला तोच व्यायाम सावकाश, तर दुसऱ्याला तो शक्य तितक्या वेगाने करायला सांगितले. सोळा आठवड्यांनी बळ दोन्ही भागांत सारखेच वाढले, परंतु पायांनी रेटा देण्याची शक्ती सावकाश करणाऱ्यांत ४५ टक्क्यांनी आणि वेगाने करणाऱ्यांत ९७ टक्क्यांनी वाढली. मंद लयीचे जाते आणि झटक्याचा हंडा यांत जो फरक होता तोच या प्रयोगात आकड्यांनी दिसतो.

२०११च्या जनगणनेत भारतात साठी ओलांडलेल्या स्त्रियांची संख्या पाच कोटींच्या वर होती आणि आज स्त्रीचे सरासरी आयुर्मान सत्तरीच्या पुढे गेले आहे. म्हणजे पूर्वी जी गाळणीतून उरलेली एखादी आजी होती ती आता घरोघरी आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाविषयी जी देशव्यापी पाहणी केली तिच्यात ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची गाठ घेतली गेली आणि रक्तदाबाबरोबर पंजाच्या पकडीचे बळही मोजले गेले, हे योग्यच झाले. परंतु तालुक्याच्या दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घरी पाठवलेल्या वृद्धेला खुर्चीतून उठता येते का, हे अजून क्वचितच कोणी विचारते. आशियातील तज्ज्ञांच्या गटाने स्नायुक्षयाच्या निदानासाठी २०१९ मध्ये ठरवलेले माप घरातही घेता येण्याजोगे आहे: हात छातीशी धरून खुर्चीतून सलग पाच वेळा उठायला आणि बसायला बारा सेकंद किंवा अधिक वेळ लागत असेल तर शरीराची कार्यक्षमता कमी झाली आहे असे समजावे. भिंतीला टेकवलेली एक खुर्ची, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि शेजारी आधाराला उभे राहणारे एक माणूस एवढ्यावर ही तपासणी होते. प्रत्येक घराने आपल्या आईची, आजीची, सासूची ती वर्षातून एकदा घ्यावी आणि वेळ बाराच्या पुढे गेली तर तिला खुर्चीतच बसवून न ठेवता डॉक्टरकडे आणि तेथून व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे न्यावे.